रोमचं प्रजासत्ताक नक्की कोणत्या दिवशी संपलं?

नाणेघाट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एका जुन्या स्नेह्यांनी चांदीचं एक रोमन नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. दक्षिण भारतात अशी नाणी मडकी भरभरून सापडली आहेत. मिरी, मोती, तलम कापड तिकडे गेलं आणि त्याच्या बदल्यात ही चांदी इकडे आली. आकार आपल्या पन्नास पैशांच्या शेवटच्या नाण्याएवढा, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचा चेहरा आणि कडेने अक्षरं: ‘सीझर ऑगस्टस, देवाचा पुत्र, राष्ट्रपिता’. दुसऱ्या बाजूला टोगा नेसलेली दोन मुलं उभी, त्यांच्यामध्ये दोन ढाली आणि भाले. गायस आणि लुसियस. ऑगस्टसच्या लेकीची मुलं, ज्यांना त्याने दत्तक घेतलं होतं. त्यांच्या नावापुढे काय कोरलंय? ‘नियोजित कॉन्सल’.

मी त्या शब्दावर अडकलो. कॉन्सल म्हणजे रोमचं सर्वोच्च पद. राजाला हाकलल्यावर (परंपरेने इ.स.पू. ५०९) रोमन लोकांनी ठरवलं की यापुढे एकाच्या हातात सत्ता द्यायची नाही. दरवर्षी दोन कॉन्सल, लोकांनी मतं देऊन निवडलेले, एकाने काही वावगं केलं तर दुसऱ्याने अडवावं. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात या पदासाठी वयाची अट होती ४२. आणि गायसला हे पद लिहून दिलं तेव्हा तो १४ वर्षांचा होता. म्हणजे पद आहे, नाव तेच आहे, कॉन्सलपुढे चालणाऱ्या सेवकांच्या खांद्यावर काठ्यांच्या त्याच मोळ्या आहेत. फक्त ते आजोबांनी नातवाला द्यायचं झालंय.

म्हणून हा धागा. शाळेत आपण शिकतो की सीझरने सैन्य घेऊन इटलीच्या हद्दीवरची रुबिकॉन नदी ओलांडली (इ.स.पू. ४९) आणि प्रजासत्ताक संपलं. माझं मत असं की तोवर फार उशीर झाला होता. खरी गोष्ट त्याच्या ३९ वर्षं आधीची आहे.

इ.स.पू. ८८. त्या वर्षीचा कॉन्सल सुल्ला नोला शहराजवळ सहा लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणी) घेऊन तळ ठोकून होता. पूर्वेला मिथ्रिडेटिस राजावर स्वारी करायची, तिथे अमाप लूट मिळणार. इकडे रोममध्ये एका ट्रिब्यूनने (सामान्य लोकांच्या वतीने निवडलेल्या अधिकाऱ्याने) लोकांच्या सभेत ठराव करून ती मोहीम सुल्लाकडून काढली आणि म्हाताऱ्या सेनापती मारियसला दिली. सुल्लाने सैनिकांना गोळा करून सांगितलं की माझ्यावर अन्याय झालाय. त्याने रोमवर चालून जायचं नाव काढलंसुद्धा नव्हतं. सैनिकांनीच ओरडून सांगितलं, आम्हाला रोमला ने. त्यांना भीती ही, की मारियस दुसरीच माणसं घेऊन जाईल आणि आपली लूट हुकेल. मारियसकडून सूत्रं ताब्यात घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी दगडांनी ठेचून मारलं.

आता यातली एक बारीक गोष्ट बघा. सुल्लाच्या हाताखालचे वरिष्ठ अधिकारी, सगळे चांगल्या घराण्यातले, आपल्याच शहरावर हत्यार उचलायचं म्हटल्यावर त्याला सोडून गेले. एक सोडून सगळे. शिपाई मात्र एकूण एक त्याच्यामागे गेले.

का गेले? माझ्या मते प्रजासत्ताक कसं संपलं हा प्रश्न तिथेच सुटतो. अधिकाऱ्यांची इस्टेट रोममध्ये होती, शिपायांची कुठेच नव्हती. मारियसने इ.स.पू. १०७ मध्ये ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा माणसांना सैन्यात घ्यायला सुरुवात केली. त्याआधी सैनिक व्हायला थोडीतरी जमीन लागायची, लढाई संपली की माणूस आपल्या शेतावर परत जायचा. आता लढाई संपल्यावर जायचं कुठे? जमीन देईल तो सेनापती. सिनेटने (रोमच्या बड्या घराण्यांच्या सभेने) ही जबाबदारी कधीच घेतली नाही. माणूस ज्याचं मीठ खातो त्याला जागतो. रोमने आपल्या शिपायांना स्वतःचं मीठ खाऊ घातलंच नाही.

तुम्हाला काय वाटतं? कोणता दिवस?

प्रतिसाद: कोरडवाहू

धागा आवडला. जमिनीबद्दल लिहितो, कारण माझ्या घरी तोच विषय असतो.

शेत म्हणजे कुलूप लावून ठेवायची वस्तू नाही. एक हंगाम नांगर लागला नाही तर हराळी माजते, दोन हंगामांनी बांध कुठे होता ते शेजाऱ्यालाच आठवतं. रोमचं सैन्य आधी उन्हाळ्यात लढायचं आणि कापणीला घरी यायचं. पुढे स्पेनमध्ये आणि पूर्वेकडे सलग सहा-सहा वर्षं माणूस अडकायला लागला. मागे बायको आणि लहान पोरं. कर्ज होणार, जमीन शेजारच्या बड्याकडे जाणार. त्या बड्याकडे लढाईत पकडून आणलेले गुलाम राबायला, त्यांना सैन्यात बोलावणं येत नाही. स्पर्धा कशी करणार?

ट्रिब्यून टायबेरियस ग्राकसने इ.स.पू. १३३ मध्ये हेच मांडलं होतं ना? सरकारी जमीन एकाने ५०० युगेरापेक्षा जास्त बळकवायची नाही. म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ ३१० एकर. हा काही कुणाला भिकेला लावणारा कायदा नव्हता! जुनाच नियम होता, पाळला जात नव्हता एवढंच. वरची जमीन गरिबांना वाटायची. त्यासाठी सिनेटरांनी त्याला ठार मारलं. बाकांचे पाय मोडून त्या दांडक्यांनी. त्याच्यासोबत ३०० माणसं मेली आणि रात्री प्रेतं टायबर नदीत टाकली.

तुम्ही इ.स.पू. ८८ म्हणता, मी १३३ म्हणेन. त्या दिवशी पहिल्यांदा राजकारणाचा निकाल मतपेटीऐवजी दांडक्याने लागला. आणि दांडका आधी उचलला तो ‘राज्य वाचवतो’ म्हणणाऱ्यांनी.

प्रतिसाद: शिलाछाप

कोरडवाहू, मुद्दा पटला, पण एक भर घालतो. लहान शेतकरी पार नाहीसा झाला हे चित्र अलीकडच्या अभ्यासकांनी बरंच तपासून पाहिलंय. रोमच्या उत्तरेला जमिनीवर विखुरलेल्या खापरांवरून जुन्या वस्त्या शोधल्या, तर त्या काळातही लहान शेतं बऱ्यापैकी टिकून होती असं दिसलं. म्हणजे माणसं वाढली, वाटण्या होत होत तुकडे पडले, असंही असेल. आपल्याकडे चार भावांत दोन एकर वाटले की काय उरतं ते तुम्ही जाणताच. भूमिहीन माणूस दोन्ही वाटांनी तयार होतो, पण दोष सगळा बड्यांच्या गुलाममळ्यांवर टाकता येत नाही.

मारियसचंही तसंच. त्याने एका दिवसात सैन्य बदललं असं नाही. मालमत्तेची अट आधीपासून खाली-खाली येतच होती.

प्रतिसाद: नाणेघाट

शिलाछाप, मान्य. मी मारियसवर जरा जास्त भार टाकला. पण शिपाई मोहिमेवर निघताना गरीब होता आणि परतल्यावर त्याला जमीन हवी होती, एवढं तर उरतंच?

कोरडवाहू, तुमच्या १३३ वर मी बराच विचार केला. तेव्हा रक्त सांडलं, पण सैन्य त्यात नव्हतं. नागरिक नागरिकांना मारत होते. त्यातून राज्य सावरू शकलं असतं असं मला वाटतं. सैन्य आलं की मग परतीचा रस्ता नाही.

आणि सावरायची संधी आलीही होती, ती कशी घालवली ते सांगतो. इ.स.पू. ६२. सेनापती पॉम्पी पूर्वेची मोहीम जिंकून इटलीत उतरला. रोममध्ये सगळ्यांनी श्वास रोखलेला, आता हा सुल्लासारखा चालून येतो की काय. त्याने काय केलं? बंदरावर उतरताच सैन्याला सांगितलं, जा आपापल्या घरी. कायद्याला धरून वागला. मग सिनेटकडे दोन गोष्टी मागितल्या: पूर्वेत केलेल्या व्यवस्थेला मंजुरी द्या आणि माझ्या शिपायांना जमीन द्या.

दोन्ही अडवल्या. सिनेटर केटो आणि त्याच्या मंडळींना वाटलं, याला मोठं होऊ द्यायचं नाही. इ.स.पू. ६० मध्ये जमिनीचा ठराव आला तेव्हा कॉन्सल मेटेलस केलरने असा काही अडून धरला की ट्रिब्यूनने त्याला तुरुंगात टाकलं. केलरने सिनेटची सभा तुरुंगातच बोलावली. ट्रिब्यून दारात बाक टाकून बसला, तर केलरने भिंत फोडून सभासदांना आत घ्यायला सांगितलं. धैर्य मोठं, पण कशासाठी? ज्यांनी हत्यारं खाली ठेवली त्या शिपायांना जमीन मिळू नये म्हणून.

पॉम्पी मग सीझर आणि धनाढ्य क्रॅससकडे गेला. तिघांनी आपसात ठरवून घेतलं. पुढच्या वर्षी सीझर कॉन्सल झाला आणि जमिनीचा कायदा दंडेलीने झाला. दुसरा कॉन्सल बिबुलस विरोध करायला आला तर त्याच्या डोक्यावर शेणाची टोपली ओतली. तो घरी बसला आणि उरलेलं वर्ष ‘आकाशात अपशकुन दिसतायत, सभा घेऊ नका’ असे निरोप पाठवत राहिला. शिपायांनी यातून काय धडा घेतला असेल? कायद्याने वागलं तर काही मिळत नाही, दंडेली केली की मिळतं.

प्रतिसाद: तळावरून

मी फौजेत १७ वर्षं होतो, आता सातारा जिल्ह्यात गावी असतो. इतिहासाचा अभ्यास नाही, वाचतो.

नाणेघाट साहेब, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. जवान जान देतो ती पगारासाठी देत नाही हे खरं आहे. पण तो निर्धास्त लढतो कारण त्याला माहीत असतं की मागे पेन्शन आहे, आणि ती पेन्शन कुठल्या साहेबाच्या मर्जीवर नाही. कर्नल बदलो, जनरल बदलो, सरकार बदलो, पहिल्या तारखेला बँकेत पैसे येतात. आमच्या कंपनीचे साहेब किती चांगले होते! त्यांच्यासाठी आम्ही काहीही केलं असतं. पण माझी पेन्शन त्यांच्या खिशातून येत असती तर? तर त्यांचा शब्द मोठा की देशाचा, हा प्रश्न कधीतरी पडलाच असता. तो पडूच नये अशी व्यवस्था आपल्याकडे आहे. ती किती मोठी गोष्ट आहे हे तुमच्या धाग्यामुळे लक्षात आलं.

मला विचारायचं होतं की रोममध्ये पेन्शन कधी सुरू झाली? का शेवटपर्यंत झालीच नाही?

प्रतिसाद: नाणेघाट

तळावरून, तुमच्या प्रतिसादासाठी मनापासून आभार. मी चार परिच्छेदांत जे सांगायला धडपडलो ते तुम्ही तुमच्या पेन्शनवरून सांगितलंत.

पेन्शन सुरू झाली. आणि सुरू केली ती ऑगस्टसने. इ.स. ६ मध्ये त्याने सैन्यासाठी वेगळा खजिना काढला आणि सुरुवातीला त्यात स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) घातले. पुढची सोय म्हणून वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर ५ टक्के आणि लिलावाच्या विक्रीवर १ टक्का कर लावला. पैसेवाल्यांनी खूप आरडाओरडा केला, तो बधला नाही. लीजनमधल्या शिपायाने २० वर्षं पुरी केली की १२,००० सेस्टर्स. वर्षाचा पगार तेव्हा ९०० होता, म्हणजे तेरा वर्षांहून जास्त पगार एकरकमी.

त्याआधीचे आकडेही ऐका. ऑगस्टसने आपल्या कामाचा हिशेब स्वतः लिहून ठेवला होता, तो अंकारामधल्या एका देवळाच्या भिंतीवर कोरलेला आजही आहे. त्यात तो सांगतो की सुमारे ५ लाख रोमन नागरिकांनी माझ्या नावाने सैनिकी शपथ घेतली, त्यातल्या ३ लाखांहून अधिकांना मी वसाहतींत वसवलं किंवा त्यांच्या गावी परत पाठवलं. जमिनीपोटी इटलीत सुमारे ६० कोटी आणि प्रांतांत सुमारे २६ कोटी सेस्टर्स मोजले. जमीन विकत घेऊन शिपायांना देणारा माझ्या आठवणीत मीच पहिला, असंही म्हणतो.

हे सगळं सिनेटला करता आलं नसतं? पॉम्पीने पूर्वेहून खजिना भरून आणला होता. पैसा होता. माझा जीव इथेच तुटतो. जे काम प्रजासत्ताकाने वेळेत केलं असतं तर ते वाचलं असतं, तेच काम करून ऑगस्टस सम्राट झाला.

प्रतिसाद: उंबरठा

सगळे प्रतिसाद वाचले. छान लिहिताय सगळे, पण मला एक गोष्ट खटकते. आपण ‘प्रजासत्ताक गेलं’ म्हणून हळहळतोय. प्रजा कोण होती त्यात?

सायप्रस बेटावरच्या सालामिस गावाची गोष्ट सांगते. गावाने रोमच्या लोकांकडून कर्ज घेतलं. व्याज ४८ टक्के. वसुलीसाठी रोमचा दलाल घोडेस्वार घेऊन गेला आणि गावच्या पंचांना त्यांच्याच सभागृहात कोंडून ठेवलं. पाच जण उपासमारीने मेले. ते पैसे कोणाचे होते? ब्रूटसचे. तोच ब्रूटस, स्वातंत्र्यासाठी सीझरला भोसकणारा, ज्याने नंतर दोन खंजीर आणि मधे गुलामाला मुक्त करताना घालतात ती टोपी असं नाणं पाडलं. हे उघड झालं कारण प्रसिद्ध वक्ता सिसेरो त्या भागाचा सुभेदार म्हणून गेला आणि त्याने मित्राला पत्रांत लिहिलं. सिसेरोने ते घोडेस्वार परत बोलावले, १२ टक्क्यांवर व्याज लावायचं म्हटलं, पण प्रकरण धसाला लावलं नाही.

सिसिलीचा सुभेदार व्हेरेस तीन वर्षं बेट धुऊन काढत होता. स्पार्टाकसच्या बंडानंतर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर ६,००० गुलाम क्रूसावर चढवले, तेही प्रजासत्ताकानेच. बायकांना मत कधीच नव्हतं. सालामिसच्या त्या पंचांच्या मुलांना इ.स.पू. २७ मध्ये कळलं असेल की रोममध्ये आता एकच धनी आहे, तर त्यांना वाईट वाटलं असेल का? मला वाटतं त्यांना हायसं वाटलं असेल. दरवर्षी नवा भुकेला माणूस येण्यापेक्षा एकच, ज्याच्याकडे तक्रार तरी नेता येईल.

प्रतिसाद: कोरडवाहू

उंबरठा ताई, सालामिसची गोष्ट माहीत नव्हती. वाचून सुन्न झालो. सावकार बदलला तरी कूळ कूळच राहतं, हे आम्हाला सांगायला नको.

प्रतिसाद: नाणेघाट

उंबरठा, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या मूळ लेखात असायला हवा होता. मी रोम शहरात बसून विचार करत होतो, तुम्ही सालामिसमधून बघितलंत. प्रांतांच्या दृष्टीने सम्राटाची राजवट पुष्कळ बरी ठरली, यात वाद नाही. आणि हेही प्रजासत्ताकाच्या मरणाचंच एक कारण आहे. त्याला वाचवायला रोमच्या बाहेरून कोणी धावून आलं नाही, कारण बाहेरच्या कोणाला त्यात वाटाच नव्हता.

तरीही काय गेलं ते सांगतो, एका मोजणीवरून. १ डिसेंबर, इ.स.पू. ५०. क्यूरियो नावाच्या ट्रिब्यूनने सिनेटला थेट विचारलं: सीझर आणि पॉम्पी, दोघांनीही सैन्य सोडावं का? मतं पडली. बाजूने ३७०, विरोधात २२. भांडण मिटवायला हवं हे जवळजवळ सगळ्यांना कळत होतं. कॉन्सल मार्सेलसने ‘घ्या मग सीझरला धनी करून’ असं ओरडून सभाच उठवली, आणि पुढे पॉम्पीकडे जाऊन, कोणताही ठराव नसताना, त्याच्या हातात तलवार दिली. सीझर जानेवारीत रुबिकॉनपाशी पोचायच्या आधीच ३७० माणसांचं मत २२ जणांनी पायदळी तुडवलं होतं.

हे मला का लागतं? कारण अशी मोजणी पुन्हा झाली नाही. सभागृह राहिलं, माणसं यायची, भाषणं व्हायची. पण ‘३७० विरुद्ध २२’ या आकड्याने जगाची दिशा बदलू शकते, ही शक्यताच उरली नाही.

प्रतिसाद: पालीवाचक

विषयाशी जोडून थोडं आपल्या भूमीवरचं. वैशालीच्या वज्जींचं गणराज्यही असंच मगधाच्या पोटात गेलं. अजातशत्रूने आपला अमात्य वस्सकार याला राजगृहाजवळ गृध्रकूटावर बुद्धांकडे पाठवलं, वज्जींना जिंकता येईल का ते विचारायला. बुद्धांनी त्याला थेट उत्तर दिलंच नाही. ते आनंदाकडे वळून विचारू लागले: वज्जी वरचेवर सभा भरवतात का? एकत्र जमतात, एकत्र उठतात का? स्थापित नियम मोडत नाहीत ना? वृद्धांचं ऐकतात का? असे सात प्रश्न. वस्सकार समजला की हे लोक युद्धाने हरायचे नाहीत, फूट पाडावी लागेल. नंतरच्या अट्ठकथेत (पाली टीकाग्रंथात) येतं की तो वज्जींत राहायला गेला आणि तीन वर्षांत त्यांना एकमेकांवर संशय घ्यायला लावलं. शेवटी शत्रू आल्याचा नगारा वाजला, तर कोणी जमलंच नाही.

रोमचं वाचताना तो न ऐकलेला नगारा आठवत राहिला. तिथे तर बाहेरचा वस्सकारही लागला नाही.

प्रतिसाद: रात्रपाळी

+१ सगळ्यांना. साधी शंका. ऑगस्टसकडे सैन्य होतं, पैसा होता, विरोधक मेले होते. मग सरळ ‘मी राजा’ का नाही म्हणाला? एवढी कॉन्सल-सिनेटची उठाठेव कशाला?

प्रतिसाद: शिलाछाप

रात्रपाळी, कारण त्याने आपल्या दत्तक बापाचं, सीझरचं, काय झालं ते पाहिलं होतं. सीझरने इ.स.पू. ४४ च्या फेब्रुवारीत आजन्म डिक्टेटर हे पद घेतलं. डिक्टेटर जुनं पद होतं, पण संकटापुरतं, जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. महिन्याभरात, १५ मार्चला, साठाहून अधिक जणांच्या कटातून त्याला २३ वार करून मारलं. ‘आजन्म’ या एका शब्दाने जीव घेतला.

ऑक्टेव्हियन (पुढचा ऑगस्टस) तेव्हा १८ वर्षांचा. पुढच्या वर्षी त्याने जमवलेल्या सैन्याच्या जोरावर कॉन्सलपद मागितलं. सिनेट रेंगाळली तेव्हा त्याच्या सेंचुरियनने (तुकडीच्या नायकाने) अंगरखा मागे सारून तलवारीची मूठ दाखवली आणि म्हणाला, तुम्ही नाही केलं तर ही करील. म्हणजे हा काही सौम्य माणूस नव्हता. त्याच वर्षी सिसेरोचं डोकं आणि हात कापून, ज्या व्यासपीठावरून तो बोलायचा तिथेच लावले, तेव्हा हा सत्ताधारी तिघांपैकी एक होता.

पण सगळं जिंकल्यावर तो शिकला. १३ जानेवारी, इ.स.पू. २७. सिनेटमध्ये उभा राहून म्हणाला, सगळी सत्ता परत करतो. सभासदांनी गयावया केली, नको. मग ‘तुमचा आग्रहच असेल तर’ म्हणून त्याने दहा वर्षांसाठी काही प्रांत घेतले: स्पेन, गॉल, सिरिया. शांत, सुबत्तेचे प्रांत सिनेटला. न्याय्य वाटणी वाटते ना? लीजन कुठे होत्या ते बघा. जवळजवळ सगळ्या त्याच्या वाट्याच्या प्रांतांत. तीन दिवसांनी, १६ तारखेला, त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी मिळाली.

इ.स.पू. २३ मध्ये त्याने दरवर्षी कॉन्सल होणंही सोडलं आणि ट्रिब्यूनचे अधिकार घेतले, पद न घेता. ट्रिब्यून म्हणजे गरिबांचा वाली, कोणताही निर्णय रोखू शकणारा. त्याच ट्रिब्यून ग्राकसला सिनेटने दांडक्यांनी मारलं होतं, हे लक्षात ठेवून वाचा. लोकांना वाटलं, आपला माणूस वर बसलाय.

म्हणून राजा म्हणायची गरजच नव्हती. कॉन्सलपद तर इ.स. ५४१ पर्यंत भरलं जात राहिलं.

प्रतिसाद: तळावरून

शिलाछाप, तीन-चार वर्षांत देशाचं होत्याचं नव्हतं झालं असं नाही तर. माणसांच्या पिढ्या गेल्या यात. ग्राकस गेला तेव्हा जन्मलेलं पोर सुल्लाच्या वेळी पंचेचाळिशीचं. त्याने आयुष्यभर मारामाऱ्याच पाहिल्या. त्याच्या नातवाला शांतता मिळाली तर तो का विचारेल की याला काय नाव द्यायचं?

प्रतिसाद: नाणेघाट

अगदी बरोबर. ऑगस्टस इ.स. १४ मध्ये गेला, तोवर अ‍ॅक्टियमच्या लढाईला, जिच्यात त्याने शेवटच्या प्रतिस्पर्ध्याला हरवलं, ४४ वर्षं झाली होती. तरुण तर त्या लढाईनंतरच जन्मलेले, आणि म्हातारेही बहुतेक यादवीच्या काळात जन्मलेले. चालतं प्रजासत्ताक पाहिलेलं माणूस शोधावं लागलं असतं. त्याच वर्षी त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस याने अधिकाऱ्यांची निवड लोकांच्या मतदानातून काढून सिनेटकडे दिली. लोक थोडे कुरकुरले आणि गप्प बसले. सिनेटर खूश झाले, कारण आता मतं विकत घ्यायचा खर्च वाचला.

प्रतिसाद: उंबरठा

नाण्यावरच्या त्या दोन मुलांचं पुढे काय झालं?

प्रतिसाद: नाणेघाट

दोघंही तरुणपणीच गेली. लुसियस इ.स. २ मध्ये आजच्या मार्सेलला, गायस इ.स. ४ मध्ये पूर्वेच्या मोहिमेवर जखमी होऊन परतताना. ऑगस्टसला मग टायबेरियसला दत्तक घ्यावं लागलं.

गायसच्या मृत्यूची बातमी इटलीत पिसा गावात पोचली तो दिवस आपल्याला माहीत आहे, २ एप्रिल. कारण गावाने केलेला दुखवट्याचा ठराव दगडावर कोरून ठेवला, आणि तो दगड आजही पिसात आहे. ठराव लांबलचक आहे: देवळं, स्नानगृहं, दुकानं बंद ठेवायची, मोक्याच्या जागी कमान उभारायची, तिच्यावर गायसचा पुतळा आणि दोन्ही बाजूंना दोघा भावांचे सोनेरी मुलामा दिलेले घोड्यावरचे पुतळे.

पण ठरावाच्या सुरुवातीला एक वाक्य आहे ज्यासाठी मी तो पुन्हा पुन्हा वाचतो. गावकरी लिहितात की त्या वेळी आमच्या गावात पदाधिकारीच नव्हते, कारण निवडणुकीतल्या उमेदवारांची भांडणं मिटली नव्हती. म्हणजे पिसात अजून निवडणूक होत होती, आणि इतक्या इरेला पेटून की कोणी निवडूनच येत नव्हतं. त्या दिवशी मात्र सगळे एकत्र जमले आणि सगळ्यांचं एकमत झालं.